पाठमोरी

"कोन गेलं रं?"

छगनने मोटारसायकल शेजारी आणून ओरडून विचारलं. वाल्मिक पळत होता, त्यामुळे त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. तिसगावात सेहेचाळीस वर्षांचा माणूस सकाळी सकाळी रस्त्याने पळतो तो दोनच कारणांनी. एक तर कुणीतरी गेलेलं असतं, नाही तर बैल सुटलेला असतो. वाल्मिककडे बैल नव्हता.

"कोन न्हाई गेलं. प्रॅक्टिस करतोय."

"कसली? या वयात भरती निघाली काय?"

"शर्यत हाय. आदी पव्हायचं, मग सायकल, मग पळायचं. समदं एकाच दिवशी."

छगनने हे पचवायचा प्रयत्न केला. "सायकल हाय तर पळतो कशाला मग? बस मागं, घरी सोडतो." वाल्मिक बसेना तेव्हा तो खरोखर रागावला. गाववाल्याला वाटेत टाकून गेला असं उद्या लोक म्हणणार होते. म्हणून तो घर येईपर्यंत पहिल्या गिअरवर सोबत आला आणि वाटेतल्या प्रत्येकाला "कोन न्हाई गेलं" असं सांगत राहिला.

घराच्या ओट्यावर वाल्मिकची आई, भागूबाई, बाजरी निवडत बसली होती. लेक पळत येताना दिसला तशी ती सूप घेऊन उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. सुट्टीला तो गावी आला की दर वेळी ती असंच करायची. चड्डीची लाज वाटत असेल, म्हणून मागच्या महिन्यात वाल्मिकने उन्हातान्हात फुल पँट घालून पळून पाहिलं. घामाने भिजलेल्या पँटने मांड्या सोलून निघाल्या. दार तरीही लोटलेलंच.

वाल्मिक नागापूरच्या एमआयडीसीत फिटर होता. मुलगी संस्कृतीला डॉक्टर व्हायचं होतं, त्यासाठी पुण्यात क्लास लावला होता. तिला डबा करून द्यायला बायको, ज्योती, तिकडेच खोली घेऊन राहिली होती. त्यामुळे नगरच्या दोन खोल्यांत वाल्मिक एकटा. रविवारी तर दिवसभरात दूधवाल्याशिवाय कुणाशी बोलणं होत नसे. त्यातच शुगर काठावर आली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, हा पळत सुटला. पळताना निदान आपला श्वास तरी ऐकू येतो, घरात तोही येत नाही. पळण्यात पुढे सायकल आली, पोहणं आलं, आणि गोव्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत नावही घालून झालं.

त्याआधी नगरमध्येच अर्धी मॅरेथॉन होती. मोबाईलवरून शिकवणाऱ्या कोचने बजावलं होतं, ही नुसती तालीम समजायची, जोर लावायचा नाही. वाल्मिक हो म्हणाला. वेळेचं त्याला काहीच नव्हतं. शेवटच्या कमानीशी आपलं कुणीतरी उभं असावं आणि आपल्याला येताना बघावं, एवढीच त्याची हौस होती. ती कोचला सांगण्यासारखी नव्हती.

ज्योतीचं यायचं ठरलं होतं. शनिवारी तिचा फोन आला.

"अहो, संस्कृतीची टेस्ट लावलीय उद्या. तिला एकटीला सोडून कशी येऊ?"

"नको येऊस. नुसती प्रॅक्टिस तर हाय."

"रागावलात?"

"न्हाई गं. रागवायला काय झालं?"

राग नव्हताच. राग असता तर बरं झालं असतं, निदान रात्री झोप लागली असती. त्याने लगेच आईला फोन लावला.

"आई, उद्या सकाळी येतीस का? नुसतं हुबं ऱ्हायचं. मी येताना बघायचं."

"मला न्हाई जमायचं. खुरपनी हाय."

"रविवारी कुठली खुरपनी?"

"रानाला रविवार असतोय व्हय?"

फोन ठेवला गेला.

सकाळी मैदानावर हीऽ गर्दी. शाळेतल्या पोरींचं लेझीम पथक, स्पीकरवर घसा फोडणारा निवेदक, आणि बांधावरच्या बाभळींसारखे दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक. वाल्मिक कोचच्या शब्दाबाहेर गेला नाही. सगळे सुसाट सुटले, हा आपला बैलगाडीच्या चालीने. अर्धं अंतर होईपर्यंत ऊन तापलं आणि मघाचे सुसाट गडी रस्त्याच्या कडेला पोटऱ्या चोळत बसलेले दिसू लागले. त्यांना मागे टाकताना वाल्मिकला जरा बरं वाटलं. माणूस कितीही भला असला तरी एवढं वाटतंच.

परतीच्या रस्त्याला लोकांच्या हातांत पुठ्ठे होते. 'पप्पा, पळा!' 'आमची आई लई भारी!' बघायचं नाही असं ठरवूनही वाल्मिक प्रत्येक चेहरा बघत होता. ज्योतीने ऐन वेळी बस पकडली असेल. कमान दिसली, जवळ आली, डोक्यावरून गेली. एका मुलीने गळ्यात मेडल घातलं.

"काका, घरचे कुठंयत? बोलवा ना, फोटो काढू."

"येतायत मागून," वाल्मिकने थाप मारली आणि केळं घेऊन तो मांडवाच्या मागे सटकला. त्याला रडू येत होतं. तालमीला कुणी रडतं का, असं त्याने स्वतःलाच दरडावून पाहिलं, पण उपयोग झाला नाही.

मांडवामागे कंपाउंडची भिंत होती. तिच्याकडे तोंड करून एक म्हातारी बसली होती. पदर कानांवरून घट्ट ओढलेला, मांडीवर वायरची पिशवी. तोंड दिसत नव्हतं. पण ती पाठ वाल्मिकने हजारांत ओळखली असती.

"आई?"

"झालं का पळून?" तिने मान न वळवताच विचारलं.

"झालं. कवा आलीस तू?"

"मघाच. पैल्या गाडीनं."

"मग हितं भिताडाकडं तोंड करून काय बसलीस? मी तिकडून आलो ना!"

"म्हाईत हाय. भोंग्यावर तुझं नाव घेतलं."

"मग बघायचं न्हाई व्हय?"

आता ती वळली. त्याच्या पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दसरा झाला की आमी ऊस तोडायला निघायचो. नवराबायकू दोघं मिळून एक कोयता. पोरांना कोन घेतंय? तू आजीपाशी ऱ्हायचा. गाडी हालली की तू मागनं पळत यायचा. रडायचा न्हाई, हाक मारायचा न्हाई, नुसता पळायचा. ठेचकाळून पडला तरी उठून पळायचा. जानत्या बाया सांगायच्या, भागे, तोंड फिरव. माय बघती तवर लेकरू पळतंय. न्हाई बघितलं की थांबतंय."

वाल्मिक खाली बसला.

"मी फिरवायची तोंड. मग तू थांबायचा." तिने पदराने नाक पुसलं. "अजूनबी तू पळाया लागला की मला वाटतं, आपुन न्हाई बघितलं तर थांबंल ह्यो. पाय मोडून घिनार न्हाई."

त्या गाडीचं वाल्मिकला फक्त एवढंच आठवत होतं. इतर बाया पोरांना हात करायच्या आणि आपली आई पाठ करून बसायची. चाळीस वर्षं त्याने त्या पाठीवर राग धरला होता. तिचं दुखणंखुपणं केलं, पैसे पाठवले, सणावाराला लुगडं नेलं, पण जवळ बसून मोकळेपणाने कधी बोलला नव्हता. त्याने केळं सोलून अर्धं तिला दिलं. दोघांनी ते भिंतीकडे बघत खाल्लं.

"घरी चल की," शेवटी तो म्हणाला. "रहा दोन दिवस."

"शेरडं बांधून आलीय. पानी कोन दावनार त्यास्नी?"

माळीवाड्याच्या स्टँडवर पाथर्डीची गाडी लागलेलीच होती. त्याने तिला खिडकीची जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली, कंडक्टरला तिसगावला आठवणीने उतरवा म्हणून सांगितलं, जसं काही तिला तिसगाव ठाऊकच नव्हतं. खाली उतरून तो खिडकीखाली उभा राहिला. बोलण्यासारखं खूप होतं आणि गाडी सुरू झाली.

भागूबाईने दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला आणि मान वळवून मागे बघितलं. वाल्मिकच्या पोटरीत गोळा आला, वाकून धरावं असं फार वाटलं. पण तो वाकला नाही, हात केला नाही, एक पाऊलही पुढे टाकलं नाही. आई बघत होती. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळणाला जरा थांबली, तरी ती बघतच होती. मग गाडी वळली.

"कुठं जायचंय, पाव्हनं?" मागून एका कंडक्टरने विचारलं. "शेवगाव का?"

"कुठं न्हाई," वाल्मिक म्हणाला. "सोडवायला आल्तो."

आणि तो तिथेच उभा राहिला.