मशीनखालचं खोकं

पूल झाला आणि नदीवरची फेरीबोट बंद पडली. बोटीबरोबर तिचा इंजिनवालाही बंद पडला, असं त्याची बायको म्हणायची. ती घरी शिवणकाम करायची. उसवलेलं कुठलं आणि फाटलेलं कुठलं, हे तिला बरोबर कळायचं. माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. विचारलं तर 'हूं', नाही विचारलं तर तेही नाही.

मग एके दिवशी त्याने माळ्यावरचा गळ खाली काढला. कुठूनसं एक लाकडी खोकं आणलं, त्यात ओली माती, कुजका पाला आणि फाडलेली वर्तमानपत्रं भरली आणि वर गांडुळं सोडली. रोज काठावर माती उकरत बसण्यापेक्षा आमिष घरातच असलेलं बरं, म्हणाला. बायकोने नाक मुरडलं, पण तोंड उघडलं नाही. कारण खोक्यात चहाचा चोथा घालता घालता नवरा बोलू लागला होता. आधी गांडुळांशी, मग तिच्याशी. तिने तो क्रमही गोड मानून घेतला.

उन्हं तापली तसं खोकं मागच्या दारातून आत आलं. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे तिच्या पायाच्या मशीनखालचा कोपरा. तिथे मशीनच्या लोखंडी पायाला चिकटून ते बसलं, आणि तेव्हापासून गांडुळं बाहेर येऊ लागली. एक चपलेत सापडलं, एक कात्रीच्या मुठीत.

"झाकत जा की नीट."

"गोणपाट घालून वर सुतळी बांधलीय."

"मग सुतळी सोडायला त्यांना हात फुटले वाटतं."

माती आंबली असेल म्हणून त्याने माती बदलली. पाला बदलला, चोथा बंद केला. दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा एखादं गांडूळ कापडावरून डौलात निघालेलं.

शेवटी व्हायचं ते झालं. दवाखान्यातल्या सिस्टर आपला पांढरा कोट न्यायला आल्या. घडी उलगडली, तर खिशाच्या काठावर हे पाहुणे. सिस्टर मुळीच ओरडल्या नाहीत. "बाई," त्या म्हणाल्या, "मी कोट शिवायला सांगितला होता. आत पेशंट घालून द्यायला नव्हता सांगितला." कोट झटकून त्या हसत गेल्या, पण जाताना म्हणाल्या की वॉर्डाचे पडदे आज संध्याकाळपर्यंत स्वच्छ मिळाले तरच पुढचं काम.

बाई नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "संध्याकाळी कचऱ्याची गाडी येईल. त्यात हे खोकं गेलं पाहिजे. पोटावर पाय देऊन मासे नकोत मला."

तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने मुकाट्याने खोक्याला दोर आवळला, उचलायला दोराचीच मूठ केली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

तो मूठ केलेला दोर बघवेना म्हणून ती पडद्यांवर तुटून पडली. लांबच लांब शिलाई, ना वळण ना काज. पाय चालत होते आणि मन म्हणत होतं, आता हा माणूस पुन्हा 'हूं'वर जाणार. एवढ्यात दोरा तुटला. रीळ गडगडत खाली गेलं. ते घ्यायला ती वाकली, तर खोक्यावरचं गोणपाट हलत होतं. वारा नव्हता. गोणपाट आतून, जागोजागी, हळूच उचललं जात होतं.

तिने दोर सैल करून गोणपाटाचा कोपरा वर केला.

माती दिसतच नव्हती. सगळी गांडुळं वर आली होती. शेकड्यांनी. निम्मं अंग मातीत आणि निम्मं वर ताणून, सगळी तोंडं वर, अशी ती डोलत होती. दुपारच्या उजेडात त्यांची ओली अंगं चमकत होती. किळस यायला हवी होती, पण ती यायचं विसरली. बाई तशीच वाकून पाहत राहिली. घर निःशब्द होतं. मग एकेक अंग आत ओढलं जाऊ लागलं, आणि काही वेळाने खोक्यात नुसती माती उरली. तिच्यावर बारीक भोकं, सुईने टोचल्यासारखी.

तिच्या मनात काहीतरी आलं. खुर्चीवर न बसताच तिने एक पाय मशीनच्या पायपट्टीवर ठेवला आणि मशीन रिकामी चालवली. खडखड, खडखड. मातीवर एक टोक आलं. मग चार. मग मातीच जिवंत झाल्यासारखं सगळं खोकं वर आलं.

तिने पाय काढून घेतला.

"अहो. जरा इकडे येता का?"

तिच्या आवाजात काहीतरी असावं. तो लगेच उठून आला. तिने चालवून दाखवलं, थांबवून दाखवलं. तो मांडी घालून खाली बसला. एका हाताचा पंजा मशीनच्या पायावर आणि दुसरा खोक्याच्या फळीवर ठेवून त्याने डोळे मिटले. बोटीवर असताना इंजिनाचं दुखणं तो असंच ओळखायचा.

"फळीतून मातीत चाललंय," तो म्हणाला. "सगळं. तुझा एकेक टाका पोचतोय त्यांना."

"पण मग वर का येतात?"

"खालून माती उकरत एखादं जनावर आलं की अशीच थरथर होत असणार. ती वर पळतात. त्यांना वाटतं, आला आपला काळ."

ती खुर्चीत बसली. "म्हणजे इतके दिवस मी इथे बसून फ्रिलचे झगे शिवत होते आणि खाली..."

"खाली तू काळ होतीस."

"आणि शिव्या मी तुम्हाला घालत होते."

"त्या पोचत नव्हत्या," तो म्हणाला आणि हसला. कितीतरी दिवसांनी.

खोकं त्याने उचललं, पण दाराकडे नेलं नाही. पलंगाशी नेऊन ठेवलं, पंजा टेकवला. "चालव." तिने चालवली. "आली." मग कपाटापाशी. "चालव. इथेही आली, कमी." ती मशीनवरून पाहत होती, तिचा नवरा खोकं पोटाशी धरून घरभर फिरत होता, फरशीला कान लावत होता, पुन्हा उठत होता. इतकी वर्षं ज्या फरशीवर ती झाडू मारत आली, तिच्यातून काय काय वाहतं, याचा तिला पत्ताच नव्हता. तिची खडखड पलंगात, कपाटात, भिंतीत जात होती. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसालाही ती सगळी पोचत असणार.

शेवटी तिने चिंध्यांचं जाड गाठोडं आत नेऊन दिलं. स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या पिंपामागे त्याने ते दाबून बसवलं आणि वर खोकं ठेवलं. ती परत येऊन बसली, दोरा ओवला, आणि पडदा सुईखाली सरकवून पट्टीवर पाय ठेवला. पाय जरा जपूनच पडला.

"आली का हो?"

"नाही."

तिने वेग वाढवला. "आता?"

"नाही. शांत आहेत."

बाहेर कचऱ्याची गाडी घंटा वाजवत आली, थांबली आणि गेली. पडद्याची शिलाई अजून बरीच उरली होती. ती शिवत राहिली, आणि स्वयंपाकघरातून नवरा काही बाहेर आला नाही. मान वळवून तिने पाहिलं तेव्हा तो खोक्यावर पंजा ठेवून बसला होता, बोटीवर बसायचा तसा.