ग्रहणातली गाठ

अपेक्षाचा उजवा हात चालला की डावाही तसाच चाले. ती पाटीवर लिहू लागली की रिकामी बोटं हवेत तीच अक्षरं गिरवत. पोर सात वर्षांची झाली, आणि तिची आई रुपा सात वर्षं सासूचं एकच बोलणं ऐकत आली होती. "पोटुशी असून ग्रहणात गोऱ्ह्याच्या दाव्याले गाठ मारली इनं. पोरीचे हात बांधून टाकले."

रुपानं ते खरं मानलं होतं. नवरा अंकुश तेव्हा मिठाची गुळणी धरून बसे. तिला वाटे, माणूस भला, आपल्याला दोष तरी देत नाही.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघा काढल्या. "बाळ पोटात असताना मेंदूतून नसांचे धागे निघतात. उजवीकडचे डाव्या बाजूला जातात, डावीकडचे उजव्या. कुठं वळायचं, हा निरोप जनुकांकडून येतो. तो अर्धवट आला की काही धागे ओलांडतच नाहीत. मग एका हाताचा हुकूम दोन्ही हातांना पोचतो. ग्रहणाचा काही संबंध नाही. हे घराण्यातून येतं, कधी एखादी पिढी गाळून. घरात आणखी कुणाला आहे?"

"आमच्यात कोनाले नाई," सासू रामबाई म्हणाली. "इच्या माहेरी पाहा."

रक्त तपासायला सगळ्यांची संमती हवी होती. नर्सनं शाईचं पॅड पुढं केलं. "आजी, अंगठा?"

"अंगठा काऊन? सही येते मले!"

रामबाईनं पेन घेतला. डावा हात नेहमीसारखा पदराआड होता. 'रा' काढताना पदर हलला. 'म' काढताना पदरानं तसाच बाक घेतला. कापूस वेचताना सासूचे दोन्ही हात एका तालात चालत आणि सारं गाव तारीफ करी, ते रुपाला आठवलं.

तिनं अंकुशकडं पाहिलं. तो आईच्या हाताकडं पाहतच नव्हता. रुपाला दिसलं का, एवढंच पाहत होता.

"तुमाले मालूम होतं."

"माय हाय ते माही," तो पुटपुटला. "लोक काय म्हनले असते तिले?"

"जे मले म्हनले, तेच."

मग ती डॉक्टरीणबाईंकडं वळली. "लिहून घ्या, बाई. घरात हाय. सासूले."

"रुपे!" म्हणत रामबाईनं तोंडावर पदर घ्यायला उजवा हात उचलला. डावाही उठला.