डावा टाका

वाकळीच्या कोपऱ्यावर ठेवलेल्या वरवंट्याला शांताचा पाय लागला. तो कलंडला आणि गडगडत जाऊन उंबऱ्याला थडकला. भर दुपारी गल्ली चिडीचूप होती. महादेवीची सुई हवेतच थांबली. तिनं आधी दाराकडं पाहिलं, मग पोरीकडं.

कोणी आलं नव्हतं. शांता ओठ दाबून वरवंटा दोन्ही हातांनी उचलून आणत होती. पाच वर्षांच्या पोरीला आवाज झाल्यावर रडायचं नाही, एवढं आता शिकवावं लागत नव्हतं.

चावडीवर बंदूकवाले येऊन बसल्यापासून लोहाऱ्यात कोणी कोणाला मोठ्यानं हाक मारत नव्हतं. महादेवीचा नवरा, पंचाक्षरी, पेरणी उरकून निजामाची हद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूला गेला होता. तिथं छावणीत निजामाशी लढायला पोरं जमत होती. गावाला मात्र महादेवीनं सांगितलं होतं, की शांताचे आप्पा तामलवाडीला आत्याच्या शेतावर राबायला गेलेत. खरं फुटलं तर घराला कुलूप लागणार होतं, आणि मग पोरीला घेऊन कुठं जायचं हे तिला सुचत नव्हतं. म्हणून ती सगळ्यांवरच नजर ठेवून असायची. ताक मागायला आलेली बाई घरात किती वेळ रेंगाळली, कोणाची नजर खुंटीवर राहिलेल्या नवऱ्याच्या पटक्याकडं गेली, सगळं तिच्या ध्यानात राहायचं. शेजारच्या मथुराबाईचा दीर तर चावडीवाल्यांना चहा पोचवायचा. मथुराबाई भिंतीपलीकडं खोकली, तरी महादेवी बोलता बोलता थांबायची.

पोट मात्र शिवणावर चालत होतं. कापडावर कंट्रोल होतं, दोरा तर दिसेनासाच झाला होता. जुन्या लुगड्यांच्या काठांतून ती धागे उसवून काढायची, दोन-दोन एकत्र पिळायची आणि मेणाच्या गोळीवरून ओढायची, म्हणजे ते तुटत नसत. थर सरकू नयेत म्हणून चार कोपऱ्यांवर वरवंटा, मापटं, खल आणि इस्त्रीचा तांब्या. जाड घडीत सुई अडली की सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात धरून ओढायची. आणि उसवताना दोरा कधी कापायचा नाही. गाठ उकलून तो अख्खा काढायचा आणि बाभळीच्या काट्यावर गुंडाळून ठेवायचा. पंचाक्षरीलाही तिनं हे शिकवलं होतं. त्यानं दोरा जोडकाट्याच्या दोन्ही टोकांना आडवातिडवा गुंडाळला होता, बैलाच्या शिंगांना कासरा गुंडाळावा तसा. ती कितीतरी दिवस हसत होती.

महादेवी डावरी होती. काठाला घातलेला तिचा तिरपा टाका बाकी सगळ्या बायकांच्या उलट कलायचा. सासूनं पहिल्या वर्षी त्यावरून लई बोलून घेतलं, पुढं तीच पाहुण्यांना काठ उलटून दाखवायला लागली.

"सुया घ्या, बिब्बे घ्या, मणी-पोत घ्या."

हाक दारातच आली. डोक्यावर टोपली, काखेत झोळी, उन्हानं रापलेली अनोळखी बाई. नेहमीची सुईवाली म्हातारी होती, ही तिशीतली. महादेवीनं पुढ्यातली वाकळ जवळ ओढली. तिचा काठ अजून घालायचा होता, ते बरंच झालं.

सुईवालीनं सुया दाखवल्या, पाणी मागून घेतलं. मग झोळीतून एक मळकी घडी काढून तिनं उंबऱ्यावर उलगडली.

महादेवीनं ती ओळखली. ती तिच्याच हातची वाकळ होती. मधोमध तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, शांताच्या अंगड्याचं लाल छीट, आणि काठाला उलटा कललेला टाका. नवरा निघाला तेव्हा तीच तिनं त्याच्या खांद्यावर टाकली होती. एका कोपऱ्याची शिवण उसवली होती.

"हद्दीवर एक माणूस भेटला," सुईवाली म्हणाली. "नाव न्हाय सांगितलं. म्हनला, ज्या बाईनं शिवली तिच्याच हातनं ह्यो कोपरा मिटवून आण, दुसरीचा हात लागू देऊ नको. मंग म्हनला, टाका बघून मी घरला यायचं का न्हाय ते ठरवीन. तुमच्या हातची हाय का वो अक्का?"

महादेवीनं आधी बाईचे हात पाहिले. नवऱ्याचा निरोप असता, तर तो असाच असता. पण त्याला धरलं असेल, वाकळ हिसकून घेतली असेल आणि आता त्याची बायको हुडकायला बाई पाठवली असेल, तर त्या बाईनंही हेच विचारलं असतं. नाव नाही सांगितलं म्हणे. नाव सांगितलं नाही, की माहीतच नाही? आणि सुया विकणाऱ्या बाईचे हात इतके गुळगुळीत कसे?

शांता वाकळीजवळ येऊन बसली होती. लाल छिटावर तिनं बोट ठेवलं. महादेवीनं तिच्याकडं पाहिलं. पोरीनं बोट काढून घेतलं.

"माझी न्हाय," महादेवी म्हणाली. "असली हिरवी लुगडी घरोघरी असतेत."

"बरं, तुमची न्हाय तर न्हाय. शिवून तर द्या. दोन सुया ठिवते."

शिवणारी बाई सुया मिळत असताना काम नको म्हणाली, तर तेही डोळ्यांवर आलं असतं. महादेवीनं कोपरा मांडीवर ओढला. आतला कापूस बाहेर ढकलून झटकला.

वाकळ मिटवताना शेवटच्या कोपऱ्यात चिमूटभर ज्वारी घालायची, उपाशी वाकळ अंगावर घेऊ नये, अशी या भागातली रीत. जाताना याच कोपऱ्यात तिनं भाजलेली ज्वारी घातली होती आणि नवरा थट्टेनं म्हणाला होता, लई भूक लागली तर हेच खाईन. आता कोपरा रिकामा होता. त्यानं खाल्ली असेल, की उंदरांनी, की कोणी झडती घेताना सांडली असेल?

"पोट भरा की वो," सुईवाली म्हणाली. "उपाशी देता काय परक्याची हाय म्हनून?"

महादेवी उठली. डब्यात हात घातला. चिमूट घ्यायची, पण मूठच भरली. तेवढी सगळी तिनं कोपऱ्यात ओतली. मग सुई उजव्या हातात धरली.

तेवढ्यात ताकाचं भांडं घेऊन मथुराबाई दारात आली आणि तिथंच थबकली. महादेवीच्या उजव्या हातातली सुई तिनं पाहिली. भिंतीला भिंत लावून सात वर्षं राहिलेली बाई. हिनं आता एक शब्द काढला की संपलं. महादेवीचं बोट सुईवर दाबलं गेलं आणि रक्ताचा ठिपका हिरव्या तुकड्यावर पडला.

सुईवाली वाकून टाके बघत होती. "हात जरा वाकडाच पडतोय तुमचा."

"आमच्या महादेवीचं शिवणं आसंच हाय," मथुराबाई शांतपणे म्हणाली. "पहिल्यापसनं. गरिबाचं काम करती, चांगलं कोन देतंय तिला?" आणि भांडं चुलीपाशी ठेवून, महादेवीकडं न बघता ती निघून गेली.

सुईवालीनं घडी झोळीत घातली. दोन सुया उंबऱ्यावर ठेवल्या. मग म्हणाली, "मंग त्या माणसाला सांगते, ती बाई गावली न्हाय म्हनून," आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली.

महादेवीनं दोन्ही सुया उचलून मेणाच्या गोळीत खोचल्या. मथुराबाई तिला सांभाळून घेत होती, हे कळायला थोडा वेळ लागला. इतके दिवस तिच्या खोकल्याला ती भीत आली होती.

शांता खाली पडलेला जुना कापूस गोळा करत होती. तिला मऊ उशी करायची होती बाहुलीला. एकदम तिनं मूठ आईपुढं धरली. "टोचतंय बघ."

तळहातावर बाभळीचा जोडकाटा होता. त्याच्या दोन्ही टोकांना दोरा आडवातिडवा गुंडाळलेला, बैलाच्या शिंगांना कासरा गुंडाळावा तसा. कोपऱ्यातल्या कापसात तो ठेवलेला होता, आणि तिनं झटकला तेव्हा खाली पडला होता.

महादेवी धावत उंबऱ्यापर्यंत गेली. गल्लीत कोणी नव्हतं. वळणावरून, चावडीच्या बाजूनं, बूट वाजत होते. हाक मारायला उघडलेलं तोंड तिनं पदरानं दाबलं.

ती परत येऊन वाकळीपाशी बसली. दोऱ्याचं टोक सोडवून तिनं बोटाला गुंडाळलं, तिचंच मेण लागलेला दोरा, तुटला नव्हता. शांता मांडीवर चढली. आईचा डावा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटसुलट करून पाहिला, कुठं लागलंय का ते शोधलं.

"अव्वा," ती हळूच म्हणाली, "आप्पाची वाकळ तू ह्या हातानं का न्हाय शिवलीस?"