पात्याचा टवका

माझ्या दादाला बोथट वस्तू बघवत नाही. आयुष्य कारखान्यातल्या लेथ मशीनवर गेलेला माणूस. कुणाकडे चहाला गेला तरी आधी त्यांच्या सुरीवरून अंगठा फिरवणार, तोंड वाकडं करणार आणि मग कप उचलणार. माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या, सोलाणं, कात्री, सगळ्यांना त्याने धार लावून दिली आहे, आणि त्याचे पुरावे माझ्या बोटांवर आहेत. त्या रविवारी सकाळी त्याची नजर ब्लेंडरवर पडली.

दर रविवारी आम्ही दोघं मिळून बाबांचं आठवड्याचं जेवण करून ठेवतो. बाबांना पक्षाघात झाल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि धड चावताही येईनासं झालं. पाण्यासारखं पातळ दिलं तर ठसका लागतो, घट्ट दिलं तर अडकतं. त्यांना लागतं ते मधलं काहीतरी, चमच्यावरून हळूच घसरेल असं, एकही गुठळी नसलेलं. आईकडे दोन शेगड्या आणि खेळण्यातला वाटावा असा फ्रीज, म्हणून हा कारखाना माझ्या घरी. मोठा कुकर, वजनकाटा, लांब दांड्याचा हँड ब्लेंडर, बारीक जाळीची चाळणी आणि रंगीत झाकणांचे डबे. भोपळा पिवळ्या झाकणात, कोंबडी लाल झाकणात, गाजर-बटाटा हिरव्या. दादा सोलतो, चिरतो. मी शिजवते, फिरवते. आणि शेवटी दोघं आळीपाळीने ते सगळं चाळणीतून डावाने दाबून गाळतो. या शेवटच्या कामात हाताचा अगदी पिट्टा पडतो.

"पातं बोथट आहे म्हणून गाळत बसावं लागतं," दादा म्हणाला. "आण ते इकडे."

"अरे, ब्लेंडरचं पातं तसंच असतं. कंपनीनेच तसं दिलंय."

"कंपनीला काय कळतंय, ठमे!"

मला ठमी म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि हे त्याला चांगलं ठाऊक आहे. मी भोपळा कुकरमध्ये कोंबेपर्यंत त्याने पातं सोडवलं, गॅलरीत बसून पिशवीतल्या छोट्या ग्राइंडरवर धरलं, मग दगडावर घासलं आणि हातावरचे केस कापून दाखवले. खरं सांगायचं तर काम झकास झालं होतं. भोपळा क्षणात लोण्यासारखा झाला. मी थोडा जिभेवर घेऊन टाळूला चोळून बघितला. कणसुद्धा नाही.

नवरा बूट घालून दारात उभा होता. तो बस चालवतो, आणि आगाराकडे जाताना बाबांचा दुपारचा डबा आईच्या हातात देऊन पुढे जातो.

"चाळणी राहू दे आज," दादा म्हणाला. "हे काय गाळायचं? गाळायला उरलंय काय त्यात?"

नवऱ्याने घड्याळाकडे बघितलं. मी मान डोलावली. पिवळ्या झाकणाचा डबा गेला.

मग आम्ही कोंबडी फिरवली, गाजर फिरवलं. चाळणी खुंटीवरच राहिली. दादा भलताच खुशीत होता आणि खुशीत आला की तो नको त्या विषयाला हात घालतो.

"बुधवारी बाबांचं वजन अजून उतरलेलं निघालं तर डॉक्टर पोटात नळी घालणार," तो म्हणाला. "मला विचारशील तर घालू दे. आईची तरी सुटका होईल. त्यांना काय कळतंय, तोंडातून खाल्लं काय नि नळीतून खाल्लं काय."

"त्यांना कळतं."

"ठमे, डॉक्टरांनाही खात्री नाही. तुलाच बरी खात्री."

माझा संताप व्हायचा तो याच गोष्टीचा. दादा बाबांशी बोलायचाच नाही, बाबांबद्दल बोलायचा. त्यांच्या खुर्चीशेजारी उभा राहून, त्यांच्या डोक्यावरून. नळीचं हे बोलणंही त्याने गेल्या रविवारी त्यांच्यासमोरच काढलं होतं. त्या दिवसापासून आई प्रत्येक घासाला हट्टाला पेटली होती. एक चमचा जास्त गेला की तिला वाटायचं नळी एक पाऊल मागे सरली.

मी भांडी घासायला घेतली. ब्लेंडर मी नेहमी पातं सोडवून धुते. बोट फिरवलं आणि थांबले. पात्याला दोन पंख असतात. त्यातल्या एकाचं टोक नव्हतं.

"दादा."

त्याने पातं उजेडाकडे धरलं आणि त्याचा चेहरा उतरला. जास्त घासल्याने पातं कागदासारखं झालं होतं. भोपळ्याच्या एखाद्या कडक देठाला लागून किंवा कोंबडीच्या राहून गेलेल्या हाडाला लागून टवका उडाला होता. नखापेक्षा लहान, पण कड अशी की बघूनच अंगावर काटा यावा.

"हलू नकोस," तो म्हणाला. त्याने पिशवीतून लोहचुंबक काढला, पात्याला लावून बघितला. चिकटला. मग तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एकेका डब्यातून फिरवायला लागला. मी खुंटीवरची चाळणी काढून मागोमाग तेच तिच्यात ओतून दाबत होते. लाल डब्यात काही नाही. हिरव्या डब्यात काही नाही. पातेल्याच्या तळाशी नाही, मोरीत नाही, ओट्यावर नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आता एकच डबा उरला होता, आणि तो आईच्या टेबलावर होता.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग माझ्या लक्षात आलं. ही जेवणाची वेळ. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, बाबांच्या तोंडात घास असताना घरात शांतता हवी. दचकले तर घास श्वासाच्या वाटेला जाईल. आमची आई म्हणजे नियमाला पक्की. जेवणाच्या वेळी ती फोन मुका करून कपाटात ठेवते, टीव्हीची वायर काढते आणि दारावरच्या घंटीत कापूस कोंबते. नवऱ्याला लावला, तोही बंद. बस चालवताना त्याचा फोन बंदच असतो.

दादाच्या स्कूटरवर आम्ही निघालो. सिग्नलला तो थांबला तेव्हा मी मागून त्याच्या पाठीवर गुद्दे मारत होते आणि ते मला नंतर कळलं. एरवी आरसा नीट पुसल्याशिवाय गाडी न काढणारा माणूस, त्या दिवशी हेल्मेटसुद्धा उलटं घालून निघाला होता.

आईचं घर तळमजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला. दार आतून कडी लावलेलं. दादाने मूठ उगारली आणि मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"वाजवू नकोस!"

"वेडी झालीस का? आत—"

"दचकतील! टवका तोंडात असेल आणि दचकले तर?"

त्याची मूठ हवेत तशीच राहिली. माझ्या बोटांना त्याची नाडी लागत होती. दार वाजवलं तरी घात, नाही वाजवलं तरी घात. मला रडू फुटत होतं आणि रडायचीही सोय नव्हती, कारण आवाज झाला असता.

मी चवड्यांवर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेले. काच लावलेली, पण पडदा बाजूला होता. बाबा टेबलाशी खुर्चीत, उजव्या कुशीला उशी लावून, तोंड खिडकीकडे. आई माझ्याकडे पाठ करून बसलेली. वाटी जवळजवळ भरलेलीच होती. आईच्या एका हातात चमचा, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं बाबांच्या गळ्यावर. घास उतरावा म्हणून त्या बाईंनी तसं हलकेच खाली कुरवाळायला शिकवलं होतं. आई कुरवाळत होती आणि काहीतरी विनवत होती. बाबांचे ओठ घट्ट मिटलेले. डावा गाल फुगलेला. कपाळावर घाम.

मी काचेसमोर हात हलवला. त्यांची नजर वर आली.

मी ओठांवर बोट ठेवलं. मग मान जोरात हलवली, नाही, नाही. माझ्या गळ्यावर हात ठेवून पुन्हा नाही. मला काय खुणा सुचत होत्या देव जाणे. दादा माझ्यामागे येऊन उभा राहिला होता, आणि मला त्याचा श्वास ऐकू येत होता. बाबा आमच्याकडे एकटक बघत होते. मग त्यांनी डोळे एकदा सावकाश मिटले, उघडले, आणि डावा हात उचलून आईचं मनगट गळ्यावरून बाजूला केलं. त्याच हाताने त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

आई वळली. मी बोलायची सोय नसल्यासारखी दाराकडे खूण करत राहिले. कडी निघाली.

"अगं, काय झालं काय? आणि बघ ना यांचं, तिसऱ्या घासापासून तोंड मिटून बसलेत. गिळत नाहीत, थुंकत नाहीत. अहो, बुधवारी काय सांगू मी डॉक्टरांना? लहान मुलासारखे नखरे—"

मी तिला बाजूला सारून आत गेले. बाबांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले आणि हनुवटीखाली माझी ओंजळ धरली.

"बाबा, टाका. सावकाश. सगळं टाका."

त्यांनी मान पुढे केली आणि ओठ उघडले. पिवळा भोपळा माझ्या हातावर उतरला. त्यात लालसर रेघ होती. मग त्यांनी जिभेने ढकलून, अगदी सांभाळून, गालाच्या कोपऱ्यातून टवका बाहेर आणला. तो माझ्या तळहातावर पडला तेव्हा आई मटकन खाली बसली.

"मी गळा चोळत होते," ती म्हणाली. "गिळा म्हणत होते मी त्यांना." एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मी ओल्या कापडाने बाबांचं तोंड पुसलं, आत बघितलं. गालाला आतून लहानशी चीर, बाकी काही नाही. तो सगळा वेळ त्यांनी ती धार गालात धरून ठेवली होती, आणि समोरून होणारी विनवणी, कुरवाळणं, रागावणं सगळं सोसलं होतं. थुंकलं असतं तर आईने ते न बघता चमच्याने निपटून पुन्हा तोंडात घातलं असतं. ती तसं करते. हे त्यांना कळत होतं.

दादा उंबऱ्यातच उभा होता. टवका त्याने माझ्या हातावर बघितला, आणि आत यायचं कसं तेच त्याला उमजेना. मग एकदम तो शेगडीकडे गेला. त्याने बटाटे शोधले, उकडले, सोलले, काट्याने कुस्करले. आईच्या चहाच्या गाळणीतून दाबले. मग पुन्हा थोडे थोडे बोटांच्या चिमटीत घेऊन चोळले. लेथवर केसाएवढा फरक ओळखणारी ती बोटं आता गुठळी शोधत होती. दूध घालून त्याने वाटी तयार केली आणि बाबांसमोर खुर्ची ओढून बसला.

"बाबा," तो म्हणाला. किती महिन्यांनी त्याने त्यांना हाक मारली होती. "पात्याला धार मी लावली. चाळणी नको असंही मीच म्हटलं. आणि ते नळीचं... तेही तुमच्यासमोर बोललो. चुकलं माझं."

त्याने चमचा पुढे केला. बाबांनी तोंड उघडलं नाही.

आईने पदर तोंडाला लावला. आता ते कुणाच्याच हातून काही खाणार नाहीत, बुधवारी नळी येणार, आणि ती आम्हीच आणली, असं माझ्या मनात आलं. दादाने चमचा तसाच धरून ठेवला. बाबा आधी चमच्याकडे, मग त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला, दादाचं मनगट धरलं आणि चमचा वळवून दादाच्याच तोंडाशी नेला.

दादाने तो घास खाल्ला. नीट, सगळीकडे जीभ फिरवून, डोळ्यांतून पाणी गळत असताना खाल्ला. आणि मग मोठ्ठा आ करून रिकामं तोंड बाबांना दाखवलं.

बाबांनी आत नीट बघून घेतलं. मग स्वतःचं तोंड उघडलं.