रेशमावरचा निवाडा

पलूस तालुक्यातल्या त्या गावात बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, वेशीवर पिंपळपानांचं तोरण आडवं बांधतात. ज्याचा बैल ते आधी तोडतो, त्याचा मान. हा मान पिढ्यान्‌पिढ्या वीरधवलच्या घरात होता. बैल मात्र नव्हता. ट्रॅक्टर आला तेव्हाच तो गेला. आता आदल्या दिवशी आटपाडीहून टेम्पोतून एक बैल यायचा, मान घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जायचा.

गेल्या वर्षीच्या बेंदराला आकारामनं भर वेशीत आवाज टाकला, “मान तुमचा कशावरनं रं? कागद दाखीव!”

“हाय कागद!” वीरधवल म्हणाला.

आणि खरंच होता. देव्हाऱ्यात, काचेच्या चौकटीत, मोडीत लिहिलेला. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. वाचला कुणीच नव्हता. पुजायच्या गोष्टी कुणी वाचत बसत नाही.

वीरधवलनं ठरवलं, हा कागद नुसता दाखवायचा नाही, गावाच्या गळ्यात घालायचा. सांगलीत पिंकी नावाची बाई लग्नाच्या शेल्यांवर नवरा-नवरीची नावं छापायची. तिच्यापुढं त्यानं चौकट ठेवली.

“एकशे एक्कावन्न उपरणी. अस्सल रेशमाची.”

पिंकीनं चौकट उभी धरली, आडवी धरली. “दादा, ह्याची वरची बाजू कुठली?”

वीरधवलनं शिक्क्यावर बोट ठेवलं. “शिक्का वर घ्या. खाली बरा दिसत न्हाई.”

उपरणी झकास झाली. पिवळं रेशीम, काळी मोडी, लाल शिक्का. यंदाच्या बेंदराच्या आठ दिवस आधी मांडव घालून वाटप झालं. मोठ्या मनानं पहिलं उपरणं त्यानं आकारामच्याच गळ्यात घातलं. फोटोग्राफर म्हणाला, “हसा.” त्या फोटोत वीरधवल दोघांच्या वाटणीचं हसलाय.

संध्याकाळी सांगलीच्या कॉलेजातनं त्याची लेक अंकिता आली. तिनं मोडीचा पंधरा दिवसांचा वर्ग केला होता. प्रमाणपत्र मिळतं म्हणून. तिनं बापाच्या गळ्यातलं उपरणं उलटं धरलं, म्हणजे सुलटं, आणि वाचायला लागली.

“पप्पा, ह्यात आपण हरलोय.”

“आँ?”

“निवाडा हाय. तोरणाचा मान आकारामकाकांच्या घराण्याचा. आपल्या पूर्वजांनी खोटं साक्षीदार उभं केलं, असं कबूल करून खाली सही केलीया. ह्यो नांगर काढलाय न्हवं, ती आपली सही.”

वीरधवलला तो नांगर इतके दिवस नक्षी वाटत होता.

“मग आकारामकडं का न्हाई ह्यो कागद?”

“त्यांची प्रत जुन्या कुठल्यातरी महापुरात गेली असंल. ट्रंकेसकट.”

वीरधवलनं मनातल्या मनात कृष्णामाईला हात जोडले. मग लाज वाटून सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दारोदार निघाला. “छपाईत चूक झालीया. उपरणं द्या, बदलून देतो.”

शालूबाईनं त्याची नातवाला झोळी बांधली होती. “पोरगं आत्ताच झोपलंय, दादा. हात लावू नगा.” भाऊसोनं बुलेटच्या सीटवर घातलं होतं. सुट्टीवर आलेला प्रशांत तर ते घेऊन रात्रीच्याच गाडीनं पठाणकोटला ड्युटीवर गेला होता. म्हणजे पुरावा आता लष्कराकडंही होता. एकशे एक्कावन्नांतलं एक उपरणं तेवढं परत आलं. ते आकारामनं आणून त्याच्या अंगावर फेकलं.

“घे तुझं कापूड! त्याच्यावर जे काय लिवलंय ते सपशेल खोटं हाय, आसं गावासमोर लिहून दे. न्हाईतर बेंदराला वेशीत ट्रॅक्टर आडवा लावीन!”

सभा भरली. वीरधवलनं अर्धा तास ताणून धरलं. पाणी प्यायला, वाडवडिलांचं नाव काढलं, उपरण्यानं डोळे पुसले. शेवटी म्हणाला, “गावासाठी कमीपणा घेतो. खोटं हाय.”

सरपंच बाळासोंनी स्टॅम्पपेपरवर लिहिलं आणि पेन थांबवलं. “आकाराम, कागद खोटा पडला की वहिवाट राहती. वहिवाटीनं मान ह्यांचाच हाय, गड्या.”

“मान जाऊ दे खड्ड्यात! ह्याचा कागद खोटा पडला पायजे!” आकाराम गरजला आणि सही ठोकली.

बेंदूर निर्वेध पार पडला. आटपाडीच्या बैलानं तोरण तोडलं. आठवड्यानं आकाराम सांगलीला पिंकीकडं गेला आणि नव्या कागदाची रेशमी उपरणी छापून आला. एकशे एक्कावन्नच. पहिलं त्यानं वीरधवलच्या गळ्यात घातलं. ह्या फोटोत दोघेही हसलेत.

उपरण्यांमुळं गावाला मोडीचं वेड लागलं. बाळासोंनी अंकिताला शाळेत दर रविवारी वर्ग घ्यायला लावला. पहिलं नाव आकारामनं घातलं.

“काका, तुमी?”

“खोटं खोटं म्हणून सही केली पोरी, पर नेमकं काय खोटं लिवलं हुतं, ते एकदा सवता वाचायचं हाय.”

घरी वीरधवलनं विचारलं, “किती दिवसांत वाचाय येतं गं?”

“डोकं असलं तर चार-पाच रविवार.”

आकारामला डोकं नाही, हे वीरधवल तीस वर्षं गावभर सांगत आला होता. आता ते खरं निघावं म्हणून तो रोज त्या चौकटीपुढं उदबत्ती लावतो.