डोक्यावरची सवत

मी एक जुनी तिपाई आहे, मित्रांनो, आणि माझ्या डोक्यावर जन्मभर सवत बसलेली आहे. सवत म्हणजे दुर्बीण. लांबलचक, काळी, एका डोळ्याने पाहायची. तिला उभे राहायला पाय नाहीत, ते माझे. मला पाहायला डोळा नाही, तो तिचा. पण जगात कौतुक होते ते डोळ्याचे. पायांकडे कोण बघतो?

अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावर एव्हरेट पेलेटिए होड्या बांधत असे. ज्या लाकडाची वल्ही करतात, त्याच लाकडातून त्याने मला घडवले. पाय लांब-आखूड करायला पितळी मळसूत्रे बसवली, अंगाला तेल चोळले आणि बायकोला, आल्माला, म्हणाला, "वाऱ्यात हलली तर माझं नाव बदल." आल्माने माझ्यावरून मायेने हात फिरवला. मग खोक्यातून दुर्बीण निघाली. तो हात तिच्याकडे गेला तो परत आलाच नाही.

दर हिवाळ्यात रविवारी आम्ही दीपगृहापलीकडच्या टोकावर पक्षी पाहायला जात असू. ऐडर बदकांचे थवेच्या थवे लाटेबरोबर वर येत, लाटेबरोबर बुडत. शेजारणीने काही भलतेसलते ऐकावे, तसे त्यांचे नर "आऊऽऽ" करत. माणसे रांगेने वाकत, दुर्बिणीला डोळा लावत आणि उसासत, "अहाहा, काय काच आहे, आल्मा!" मी कडाक्याच्या वाऱ्यात पाय रोवून ते ऐकत असे.

बर्फात रोवले पाय, वारा खाल्ला गं मी सारा,
सवतीच्या डोळ्याला बाई, पदराचा गं उबारा.

घरी आल्यावर सवतीला मऊ फडक्याने पुसत. तिची जागा शेगडीजवळच्या फळीवर. माझी दारातल्या पडवीत, बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी. एकटा एव्हरेट तेवढा माझ्या पायांवरचे खारे पाणी आणि वाळू गोड्या पाण्याने धुऊन काढी. तो गेला आणि ते धुणेही गेले. इथल्या पक्षीवेड्यांची ही खोडच आहे, मित्रांनो. काचेवर बोटाचा ठसा उमटला तर जीव जातो, पण पायांवर समुद्र वाळून गेला तरी कुणाच्या ध्यानी येत नाही.

मग आल्माची भाची नोरीन नवी तिपाई घेऊन आली. कार्बनची.

"आत्या, बघ, एका बोटावर उचलते!"

"अगं बाई, ही तिपाई आहे की बगळा?" आल्मा हसली.

आणि माझी सवत खुशाल त्या बगळ्याच्या डोक्यावर जाऊन बसली. मी फावड्यासकट गाडीच्या डिकीत. सवतीचा राग होताच, आता सवतीच्या नव्या घराचाही आला. अंधारात पडल्या पडल्या मी बोटे मोडत असे. तोंडावर आपट, सवते, बर्फात तोंड घाल.

याच सुमारास आल्माच्या एका डोळ्यात धुके भरले होते, दुसऱ्यात उतरू लागले होते. पुढच्या हिवाळ्यात काय दिसेल, डॉक्टरही सांगेनात. तिला एकच पक्षी पाहायचा राहिला होता. राजबदक. दूर उत्तरेचा हा पाहुणा क्वचितच ऐडरांच्या थव्यातून इकडे येतो. शेजारच्या हार्लंडने, शेवंडी म्हणजे लॉबस्टर पकडणाऱ्या जुन्या शेवंडवाल्याने, तो कधीच पाहिला होता, आणि ते तो विसरू देत नसे.

"माझ्या होडीला खेटून गेला. म्हणाला, नमस्कार हार्लंड, आल्मा कशी आहे?"

"गप रे, थापाड्या!"

फेब्रुवारीत एका सकाळी निरोप आला, टोकावर राजबदक दिसले आहे. आल्मा, नोरीन आणि हार्लंड तिघे धावले. ईशान्येचा वारा सुटला होता. नोरीनने पक्षी शोधला, पण आल्मा वाकली तेव्हा नवी तिपाई थरथरत होती. हलके ते हलकेच.

"दिसलं का आत्या? नारिंगी कपाळ?"

"सगळंच नाचतंय गं."

"हो म्हणून टाक की," हार्लंड म्हणाला. "कोण कोर्टात खेचतंय?"

"आपल्या डोळ्यानं नीट पाहिल्याशिवाय पाहिला म्हणायचं नसतं. तुला कसं कळणार ते!" मग ती भाचीकडे वळली. "डिकीतली एव्हरेटची आण."

मित्रांनो, माझे लाकूड आतून शहारले! सवत पुन्हा माथ्यावर आली आणि पहिल्यांदाच मला ती जड वाटली नाही. नोरीनने पक्षी पुन्हा गाठला. आल्मा वाकली. आणि माझा एक पाय सरकन आत गेला. सवत तोंडावर, बर्फाकडे.

जन्मभर मी हेच मागितले होते. त्या दिवशी मात्र मला फक्त उभे राहायचे होते. पण मिठाने खाल्लेले मळसूत्र कुणाचे ऐकत नाही.

"गेला आता," आल्मा हळूच म्हणाली. तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

हार्लंडने हातमोजे फेकले. बर्फात गुडघे टेकले. माझा पाय ओढून काढला आणि दोन्ही मुठींत आवळून धरला.

"बघ लवकर, बाई. गुडघे माझे आहेत, भाड्याचे नाहीत."

"तू नाही बघणार?"

"माझं पाहून झालंय. विसरलीस होय?"

नोरीनने थव्यातून पक्षी पुन्हा हुडकला. आल्माने डोळा लावला. समुद्र बोलत होता, हार्लंडचे दात वाजत होते.

"आहे," ती म्हणाली. "कपाळावर भोपळ्याची फोड ठेवल्यासारखं. डोकं निळसर... वळला. वळला बघ माझ्याकडे." तिने डोळे पुसले, पुन्हा पाहिले. "पाहिला मी."

मग ती खाली वाकली, हार्लंडच्या लाल पडलेल्या बोटांवर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "इतकी घट्ट तिपाई मला उभ्या जन्मात मिळाली नव्हती."

मित्रांनो, या वाक्याची मी इतके हिवाळे उभ्याने वाट पाहत होते. ते आले आणि माझ्या पायापर्यंत येऊन शेवंडवाल्याच्या हाती गेले. सवतीचा हेवा त्या दिवशी सुटला. त्या बोटांचा जडला, तो अजून सुटत नाही.

तुमच्याही घरी अशी कुणी उभी असेल, तर खाऱ्या वाऱ्यातून आल्यावर तिचे पाय धुवा, पुसून कोरडे करा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा. आणि त्या वेळी एखादा बरा शब्दही बोला. आम्हाला डोळे नाहीत, पण ऐकू येते.