विहीर एक दिवस मागे

"आधी नदी बघ, पोरी. विहीर तिच्या एक दिवस मागून चालते."

अण्णांचा, माझ्या वडिलांचा, हा आवाज अकरा वर्षांपूर्वी थांबला. रोज सकाळी फितीच्या टोकाला खडू फासताना तो अजून ऐकू येतो. भूजल कचेरीत विहिरी मोजायचं त्यांचंच काम मी करते. फीत विहिरीत सोडायची, खडू जिथवर भिजला तो आकडा वहीत लिहायचा. दिवसभर बोलायला फक्त विहिरी. त्याही माझेच शब्द मला परत देतात.

गेल्या गुरुवारी खालच्या गल्लीतल्या विहिरीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. पंधरा दिवस आभाळ कोरडं, आणि पाणी एकाएकी तीन फूट वर. आदल्याच दिवशी, काठीने पाणी बोलावतो म्हणणाऱ्या पाणीबाबांनी तिथे काठी आपटली होती.

"पाताळाशी माझं बोलणं झालंय," बाबा सांगत होते. "पाणी म्हणालं, येतो. मी म्हटलं, सावकाश ये, माणसं साधी आहेत. आता गल्ली सोडून कुणी जायचं नाही. पाहुणा दारात असताना घराला कुलूप लावतात का?"

पहिल्या रांगेत माझी ताई हात जोडून बसली होती. अण्णा गेल्यापासून ती माझ्याशी बोललेली नव्हती.

मी पुढे झाले. "बाबा, पाणी दोन बोटं खाली न्याल?"

"आलेल्याला हाकलत नसतो, बाई."

"मग टेकडीवरच्या विहिरीत चढवा."

"तिथे श्रद्धा कमी पडते."

"तिथे तर तुमचाच मठ आहे की," न्हावीकाका म्हणाले. मागे हशा पिकला.

मी वही उघडली. "वर घाटात पाऊस झाला, म्हणून धरणाचे दरवाजे परवा उघडले. तशी नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागते, आणि ती वाचायला रोज यांचा चेला येतो. काल नदी पाच फूट चढली. काठाखाली सगळी वाळू. पाणी तिच्यातून झिरपत आज विहिरीत आलं. काठी आपटली नसती तरी आलं असतं. टेकडीवर खडक आहे, तिथे येत नाही. आज दरवाजे आणखी उघडलेत. जमीन भरली की पाणी मोरीतून, फरशीच्या सांध्यांतून वर येईल. नदीने काठ ओलांडायची वाट बघू नका. संध्याकाळच्या आत उंचावरच्या शाळेत चला."

चेला चपला शोधू लागला. गर्दी विरळ झाली. कुणी गाद्या गुंडाळायला गेलं, कुणी म्हाताऱ्यांना उठवायला. ताई जागची हलली नाही.

"तुझे आकडे मला नको सांगूस," ती म्हणाली. अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य. "अण्णा गेले तेव्हाही अशीच वही घेऊन आली होतीस. विहिरीचं पाणी जिथल्या तिथे आहे म्हणालीस. अण्णा आजारी, तुझ्या आकड्यावर निर्धास्त झोपले. पाणी त्यांच्या अंथरुणाखालून आलं. हे बाबा निदान पाणी येणार म्हणाले, आणि आलं."

मी फीत आणि खडू तिच्या हातात ठेवला.

"यांच्यावर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावरही नको. स्वतः मोज. तासाभराने पुन्हा मोज, मग ठरव. फीत तेव्हाही चुकली नव्हती, ताई. त्या सकाळी मी विहिरीवर आलेच नव्हते. घरी बसून आदल्या दिवसाचा आकडा उतरवला होता."